हबात नसलेला आवाज

गाडीनं ताशी चाळीसचा वेग ओलांडला, की पुढून डाव्या अंगानं एक बारीक घूंऽ असा आवाज सुरू व्हायचा. पन्नासला तो स्वच्छ ऐकू यायचा आणि साठला केबिनच्या पत्र्यात भरून राहायचा. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी आवाज तसाच. म्हणजे इंजिन सुटलं, गिअरबॉक्स सुटला. जे काही होतं ते चाकाबरोबर फिरत होतं. आणि ट्रकच्या पुढच्या चाकाबरोबर फिरणारं, आवाज करणारं काय असतं? बेअरिंग. माझं निदान तिथेच होऊन गेलं. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी फक्त त्याला साक्षीदार जमवत होतो.

साक्षीदार मिळालेही. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकावर जातं, म्हणून डावं बेअरिंग खराब असेल तर उजव्या वळणावर आवाज वाढतो आणि डाव्या वळणावर कमी होतो. ही जुनी, खरी परीक्षा आहे. मी ती केली. एका लांब उजव्या वळणावर घूं वाढली. झालं. त्या वळणावरचं डांबर उखडलेलं, खडबडीत होतं आणि पुढच्या नव्या गुळगुळीत पट्ट्यावर आवाज जवळजवळ गायब झाला होता, हे मला आज आठवतं. त्या दिवशी ते कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही. बेअरिंगला रस्ता कसा आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ते डांबरावरही घुमतं आणि काँक्रीटवरही. रस्ता बदलला की सूर बदलतो तो टायरचा.

शिवाय गाडी डावीकडे ओढत होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. डाव्या टायरची बाहेरची कड खाल्ली गेली होती. मग मी एक देखणं तर्कशास्त्र रचलं: बेअरिंग ढिलं झालंय, म्हणून चाक कलतंय, म्हणून टायर कापला जातोय, म्हणून गाडी ओढतेय. तीन तक्रारी, एक कारण. वाटलं, डोकं चाललं आपलं.

गाडी दहा चाकी. पुढे दोन चाकं, मागे दोन एक्सलवर चार-चार. भरल्या गाडीत पुढच्या एक्सलवर सहा टनांच्या आसपास वजन येतं, म्हणजे एका चाकावर तीन. हे तीन टन हबातल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातल्या, दोन बेअरिंगांवर बसलेले असतात. आतलं मोठं, बाहेरचं लहान. टायरचा व्यास साधारण एक मीटर धरला तर ताशी 60 वेगाला चाक मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा फिरतं. म्हणून पुढच्या बेअरिंगचा संशय आला की माणूस घाबरतो, आणि ते बरोबरही आहे. बेअरिंग पूर्ण गेलं तर नट, वॉशर कुणाचंच काही चालत नाही. चाक हबासकट, ड्रमसकट गाडी सोडून जातं.

तर मी हब उघडला. गाडी जॅकवर घेतली, एक्सलखाली घोडा लावला, टोपण काढलं, लॉक सरळ केला, नट फिरवला. बाहेरचं बेअरिंग हातात आलं. जड ड्रम ओढून काढला, ऑइल सील उचकटलं, आतलं बेअरिंग निघालं. हबात घट्ट बसलेल्या कड्या, ज्यांना आम्ही कप म्हणतो, त्या पितळी सुंभ्यानं ठोकून काढल्या. लोखंडी सुंभा मारायचा नसतो, तो निसटला तर हबाला ओरखडा पडतो आणि नवी कडी तिथे कधीच नीट टेकत नाही. एवढी शिस्त मला होती. जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पाहिलं. रोलर राखाडी, एकसारखे. खड्डे नाहीत, निळसर डाग नाहीत, पापुद्रा सुटलेला नाही. ग्रीस जुनं होतं, पण बोटांत चोळल्यावर त्यात धातूची चमक नव्हती.

इथे थांबायला हवं होतं. पण नवं बेअरिंग आणून ठेवलं होतं, आणि आणलेली वस्तू माणूस बसवतोच.

बसवताना मी खरा घोळ घातला. नट किती आवळायचा हा प्रश्न होता. ढिलं राहिलं म्हणूनच तर एवढं झालं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून चाक हाताला जड लागेपर्यंत नट आवळला, नावापुरता मागे घेतला आणि लॉक मारला. चाक हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. मी खूश.

या बेअरिंगचे रोलर सरळ नळकांड्यासारखे नसतात, किंचित निमुळते असतात. दोन्ही बेअरिंगं निमुळती टोकं एकमेकांकडे करून बसवलेली असतात. त्यामुळे वरून येणारं वजनही ती झेलतात आणि वळणावर बाजूनं येणारा रेटाही. 1898 साली अमेरिकेत हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना याचं पेटंट मिळालं. टिमकेन घोडागाड्या बनवायचे. गाडी वळली की चाकावर आडवा जोर येतो, हे दुखणं मोटारीच्या आधीचं आहे. पण निमुळत्या आकाराची एक अट असते. नट जितका आवळाल तितके रोलर कडीत रुततात. थोडं जास्त आवळलं की ते फिरता फिरता घासायला लागतात. घासले की तापतात, तापले की फुगतात, फुगले की आणखी घट्ट होतात. ढिलं बेअरिंग निदान खडखड करून सांगतं तरी. घट्ट बेअरिंग पहिले काही दिवस अगदी गुणी मुलासारखं गप्प असतं.

योग्य पद्धत अशी: चाक फिरवत फिरवत नट जोरात आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला करायचा. मग पुन्हा चाक फिरवत, या वेळी हलक्या हातानं, आवळायचा. मग वळणाचा एक छोटा हिस्सा मागे घ्यायचा आणि लॉक करायचा. आणि त्यानंतर मोजायचं. हबावर चुंबकी बैठकीचा डायल गेज लावून चाक आत-बाहेर ओढायचं. काटा 0.025 ते 0.125 मिलिमीटर एवढाच हलायला हवा. माणसाच्या केसाची जाडी साधारण याच्या मध्येच कुठेतरी येते. हाताला हा फरक कळतो असं म्हणणारे भेटतात. त्या दिवसांत मीही त्यांच्यातलाच होतो.

बेअरिंग बदलून गाडी रस्त्यावर आली. चाळीसला घूं. पन्नासला घूं.

मग मी अलाइनमेंट करून घेतली. बेअरिंग नवं आहे, आता कोन सरळ केले की झालं. मशीनवर टो थोडा जास्त निघाला, तो कमी करून दिला. छापील कागदावर सगळे आकडे हिरवे. टो म्हणजे पुढची दोन चाकं वरून पाहिल्यावर समोर किती जवळ येतात. जड ट्रकला तो अगदी थोडा, दीड-एक मिलिमीटर आत ठेवतात, कारण धावताना सांध्यांतला प्ले, म्हणजे सैलपणा, निघून चाकं थोडी बाहेर फाकतात. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून पाहावा. दोन्ही चाकं मिळून टो 3 मिलिमीटर चुकीचा असेल, तर एका चाकाच्या वाट्याला दीड येतो. एक मीटरच्या टायरवर दीड मिलिमीटर म्हणजे दर किलोमीटरला ते चाक दीड मीटर आडवं घासलं जातं. तीन टनांखाली. दिवसाला चारशे किलोमीटर धरले तर सहाशे मीटर रबर नुसतं फरफटतंय.

कॅम्बर आणि कॅस्टर यांच्याविषयी थोडक्यात. चाक वरून बाहेर किंवा आत कललेलं असणं हा कॅम्बर. तो बिघडला तर टायर एका कडेनं गुळगुळीत झिजतो, नक्षीच्या पट्ट्यांना धारा येत नाहीत. बऱ्याच ट्रकांच्या एकसंध पुढच्या एक्सलमध्ये त्याला बोल्ट नसतो. तो बिघडला म्हणजे एक्सल वाकलाय किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती उभी खीळ, झिजलाय, आणि एक्सल दाबून सरळ करणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. किंगपिनचा मागे झुकाव हा कॅस्टर. त्यानं टायर फारसा खात नाही, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. दोन बाजूंना वेगवेगळा असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

हिरव्या कागदानंतरही गाडी ओढत होतीच.

आणि साधारण आठवडाभरानं डावा हब तापला. ढाब्यावर, पंपावर, कुठेही थांबलं की टायरला लाथ मारून हवा बघायची सवय असते, तशी मी हबाजवळ हात न्यायची सवय लावून घेतली होती. उजव्यावर तळहात आरामात टिकत होता. डाव्यावर ठेवताच उचलावा लागला. साठ अंशांच्या वर गेलं की तळहात टिकत नाही. ब्रेक चिकटला असेल म्हणून एकदा सपाट रस्त्यावर शेवटचे काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता आलो आणि गाडी आपसूक थांबू दिली. ड्रमची कड सोसवेल इतकीच गरम, हबाचं टोपण मात्र चटका देणारं. उष्णता ब्रेकची नव्हती.

आता बेअरिंग खरोखर गेलं होतं. मी घालवलं होतं.

ज्या मिस्त्रींकडे मग गेलो त्यांनी हब उघडला तेव्हा ग्रीस काळं आणि पातळ होऊन सीलच्या कडेनं पाझरलं होतं. रोलरांवर निळसर-तपकिरी झाक. त्यांनी एक रोलर माझ्यासमोर धरून त्याचं जाड टोक दाखवलं. ते टोक आणि ते ज्या कडेला टेकतं ती कड, दोन्ही खरवडून निघाली होती. "हे ढिलं नव्हतं, घट्ट होतं," ते म्हणाले. "कुणी बसवलं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

"आधीचं कुठाय?"

सुदैवानं ते मी ठेवलं होतं. त्यांनी ते बोटावर धरून फिरवलं, कानाशी नेलं, परत कागदात गुंडाळलं. "याला काय झालं होतं?"

"आवाज यायचा."

"अजून येतो?"

"येतो."

"मग हे का काढलं?"

त्यांनी नवीन बेअरिंगचा जोड बसवला. कडी आणि रोलर दोन्ही नवे. जुन्या कडीत नवे रोलर घालत नाहीत, कारण जुनी झीज नव्याला आठवड्यात आपल्यासारखं करून सोडते. सीलही नवं. डायल गेज लावला, काटा पाहिला, एकदा नट सैल करून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मग जॅक तसाच ठेवून त्यांनी ज्या क्रमानं पुढची दोन्ही चाकं तपासली, तो क्रम मी आजवर सोडलेला नाही.

आधी चाक हातानं फिरवून दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवला. पुढचं चाक इंजिनला जोडलेलं नसतं, त्यामुळे ते मोकळं फिरतं. बेअरिंगमध्ये खर असेल तर ती पाट्यांतून तळव्याला लागते, कानाला ऐकू यायच्या आधी. मग घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी टायर धरून हलवला, खालून पहार घालून उचलून पाहिला. मग तीन आणि नऊच्या जागी. फक्त आडवा हलला तर पुढची दोन चाकं जोडणाऱ्या टायरॉडचे सांधे पाहायचे. फक्त उभा हलला तर किंगपिन. दोन्हीकडे हलला तर बेअरिंग. पण बेअरिंग आणि किंगपिन हे दोघे एकमेकांचे आळ घ्यायला तयार असतात, म्हणून आणखी एक युक्ती. मला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगितलं. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरतात, हब आणि तो ज्यावर बसतो तो स्टब एक्सल जणू एक होतात, बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. तरीही चाक हललं तर तो किंगपिनचा प्ले. माझ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर काहीच हललं नाही. किंगपिन चांगले, सांधे चांगले, आता बेअरिंगही चांगलं.

"आता हात द्या," ते म्हणाले. मला वाटलं उठवायला सांगताहेत. त्यांनी माझा हात धरून डाव्या टायरच्या नक्षीवर आडवा फिरवला. बाहेरून आत नेला तर सुळकन गेला. आतून बाहेर आणला तर प्रत्येक पट्टीची धार बोटाला अडली, लाकडावर रंध्याच्या उलट्या दिशेनं हात फिरावा तशी. "धार आत बघतेय. टो जास्त असला की असंच होतं. आता उजव्या बाजूला या."

उजवा टायर मी कधी असा पाहिलाच नव्हता. बाहेरून तो चांगला दिसत होता. त्याची झीज आतल्या कडेला होती, जी वाकल्याशिवाय दिसत नाही. हात फिरवला. टो चुकलेला असता तर इथेही धार आतच, म्हणजे गाडीच्या मध्याकडे, बघायला हवी होती. दोन्ही टायरांच्या धारांनी एकमेकींकडे तोंड केलं असतं. इथे ती बाहेर बघत होती. म्हणजे दोन्ही टायरांच्या धारा एकाच दिशेला, उजवीकडे.

त्यांनी पुढचं चाक सोडलं आणि टेप घेऊन मागे गेले.

मी तोवर मागच्या एक्सलांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तक्रार पुढची होती. मागच्या दोन एक्सलांच्या मध्यांतलं अंतर त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे ते 9 मिलिमीटर कमी भरलं. एका सुतानं, म्हणजे तीनेक मिलिमीटरनंही, टायर बोलायला लागतात. शेवटच्या एक्सलला जागेवर धरणाऱ्या टॉर्क रॉडचा रबरी बुश पिचून गेला होता आणि एक्सलचं डावं टोक पुढे सरकलं होतं. असा तिरका एक्सल दर क्षणी गाडीची शेपटी उजवीकडे ढकलत राहतो. शेपटी उजवीकडे गेली की नाक डावीकडे जातं. ड्रायव्हर म्हणजे मी, नकळत स्टिअरिंग उजवीकडे धरून ते सरळ करतो. पुढचे दोन्ही टायर सारा दिवस किंचित उजवीकडे तोंड करून सरळ रस्त्यावर घासत जातात. डाव्याची बाहेरची कड, उजव्याची आतली. घासून धारा आल्या, की प्रत्येक पट्टी रस्त्यावर आपटते आणि सेकंदाला पाच फेऱ्यांच्या वेगानं त्याचा होतो घूंऽ.

म्हणजे मी रचलेली साखळी होती खरी, फक्त तिचं पहिलं टोक माझ्या मागे सहा-सात मीटरवर होतं. आणि शेवटची कडी, जळलेलं बेअरिंग, ती मी स्वतः जोडली होती. दुरुस्त्या करता करता मी चांगलं बेअरिंग काढलं, नवं चुकीच्या पद्धतीनं बसवलं आणि बहुधा ठीकच असलेला टो हलवला. मशीनवाल्याला दोष द्यायला मन धजत नाही, मीच जाऊन "पुढची अलाइनमेंट करा" असं सांगितलं होतं. त्यानं पुढची केली.

इथे थोडं विषयांतर. वळताना आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. दोन्ही चाकं सारखीच वळली तर एक घासणारच. आतलं चाक जास्त वळवणारी जोडणी 1817 च्या सुमारास म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बनवणाऱ्यानं शोधली. 1818 मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमन यांनी त्याच्या वतीनं पेटंट घेतलं आणि नाव राहिलं अकरमनचं. तीही घोडागाडीसाठी. सरळ रस्त्यावर गाडी शहाणी आणि वळणावर टायर किंचाळतात, असं असेल तर चाक वळवणारा स्टिअरिंग आर्म वाकलाय का ते पाहावं, टो मोजून ते कळत नाही. माझ्या गाडीत ते दुखणं नव्हतं, पण त्या दिवशी मिस्त्रींनी तेही तपासलं. मला आता मागचं-पुढचं सगळंच संशयास्पद वाटायला लागलं होतं, त्यांना तसं काही झालं नाही. टिकलं, पुढे. टिकलं, पुढे.

टॉर्क रॉडचे बुश चारही बाजूंचे बदलले. एक गेला म्हणजे बाकीच्यांचंही वय तेच. पुन्हा मोजलं, दोन्ही बाजूंत मिलिमीटरचा फरक. मग टो. गाडी जमिनीवर, सरळ रेषेत थोडी पुढे ढकलून उभी केली. मागे ढकलून थांबवली तर सांध्यांतला प्ले उलट बाजूला जातो आणि माप खोटं येतं. दोन्ही टायर उचलून फिरवत त्यांच्या नक्षीवर खिळ्यानं एक-एक बारीक रेघ ओढली होती. त्या रेघांमधलं अंतर हबाच्या उंचीवर मागे आणि पुढे टेपनं मोजलं. मशीन नाही, कागद नाही. दीड मिलिमीटर आत.

गाडी घेऊन निघालो. स्टिअरिंग मधोमध होतं. हात सैल सोडला तरी नाक जागचं हललं नाही. तीस. पस्तीस. चाळीसला डाव्या अंगानं घूंऽ सुरू झाला.

पोटात गोळा आला. बाजूला घेतली, उतरलो, दोन्ही हबांना हात लावला. दोन्ही सारखे, कोमट. मिस्त्रींना फोन केला.

"टायर तोच आहे ना?" ते म्हणाले. "धारा एका दिवसात जातात होय? ऐकत बसा."

पुढच्या गुळगुळीत पट्ट्यावर आवाज बसला, खडबडीत आला की उठला. नव्या टायरांचे पैसे जमेपर्यंत तो तसाच सोबत होता. दर थांब्यावर मी डाव्या हबावर तळहात ठेवायचो, उजव्यावर ठेवायचो आणि परत केबिनमध्ये चढायचो.